गाडीत शू करायची नाही

आमच्या घरातल्या पॉटीची पूजा झालेली आहे. साग्रसंगीत. हळदीकुंकू, अक्षता, झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू आणि समोर नारळ. हे सगळं झालं तेव्हा मी घरात नव्हते, भाजी आणायला गेले होते, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण ते नंतर. आधी पाळणाघराचं सांगते.

नाशिकला इंदिरानगरात आमचा तळमजल्यावर फ्लॅट आहे. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली, हे अंबडच्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसले, आणि एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला सासूबाई, मध्ये मी, असे दिवस जायला लागले. मला वेड लागायची वेळ आली तेव्हा मी पाळणाघर काढलं. दोन मोठ्या माणसांपेक्षा तीन लहान मुलं सांभाळणं सोपं जाईल असा माझा हिशेब होता. (हिशेबात मी शाळेपासूनच कच्ची.)

मुलं तीन. ओवी, वयाने अडीच वर्षांची आणि बोलण्याने चाळिशीची. झोया, सगळ्यांत लहान, ओवी जे करील तेच करणारी. आणि रेयांश. रेयांश तीन वर्षांचा होत आलेला, गोबऱ्या गालांचा, शांत आणि भयंकर आज्ञाधारक मुलगा. त्याला एखादी गोष्ट एकदा सांगितली की ती तो जन्मभर पाळणार. ‘बूट घालून गादीवर चढायचं नाही’ असं मी एकदाच म्हटलं होतं. तेव्हापासून तो बूट काढतो, हातात घेतो आणि मग गादीवर चढतो. पुढचा सगळा घोटाळा त्याच्या ह्या गुणामुळे झाला.

हा गुणी मुलगा डायपर सोडायला तयार नव्हता.

आता पाळणाघरात डायपर म्हणजे काही जगबुडी नव्हे. मीही म्हणत होते, सोडेल हळूहळू, कोणी लग्नाच्या मांडवात डायपर घालून उभं राहत नाही. पण एप्रिलातल्या एका संध्याकाळी त्याची आई, वैशाली, त्याला न्यायला आली आणि दारातच उभी राहिली. हातात त्याची पिशवी, आणि पाऊल उचलेना. वैशाली अंबडला एका कारखान्यात मालाची तपासणी करते. नवरा नोकरीसाठी पुण्याला, शनिवार-रविवारी येतो. पोरगी काटक आहे, सहसा डोळ्यांत पाणी आणत नाही.

“काय गं, काय झालं?” मी विचारलं.

“काकू, सटाण्याहून सासऱ्यांचा फोन होता. म्हणाले, पोरगं तीन वर्षांचं झालं तरी लंगोटातच आहे. आईला वेळ नसेल तर आम्ही घेऊन जातो त्याला गावी.”

“असं कसं घेऊन जातील? जूनमध्ये नर्सरी आहे ना त्याची?”

“तेच ना. नर्सरीच्या मॅडम म्हणतात, डायपरवालं मूल घेत नाही. मग सासरे म्हणतात, शाळाच नाही तर इथे ठेवून काय करता? एक वर्ष आमच्याकडे राहू दे.”

“आणि ह्याचा बाबा?”

“तो म्हणतो, एकच वर्ष तर आहे.”

मला असला राग आला म्हणता! एकच वर्ष म्हणे. त्या तीन वर्षांच्या जिवाला आणि त्याच्या आईला एक वर्ष म्हणजे केवढं असतं ते ह्यांना काय ठाऊक! रागाच्या भरात मी बोलून गेले, “तू निर्धास्त कामावर जा. जूनच्या आत तुझ्या पोराला चड्डीत आणते. नाही आणलं तर पाळणाघराची पाटी काढून टाकीन.”

ती डोळे पुसत गेली. मी आत आले, रेयांशच्या उरलेल्या डायपरांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि मला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातल्या बाईचे केस एकदम जागच्या जागी होते, घर रिकामं आणि पांढरंशुभ्र होतं आणि मूल सारखं हसत होतं. (तिथेच मला संशय यायला हवा होता.) बाई म्हणाली, मुलाला रागवू नका. मुलाने जागेवर जाऊन शू केली की घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवा. मी लगेच घरात फर्मान काढलं.

“सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा?” ह्यांनी पेपर खाली घेऊन विचारलं.

“हो.”

“टाळ्या? कशासाठी?”

“शूसाठी.”

“मंगल, मी सुपरवायझर होतो.”

“मग सुपरवाइज करा आणि टाळ्या वाजवा.”

ओवीला हा प्रकार एका दिवसात कळला. तिच्या असंही लक्षात आलं की एका शूचे बरेच भाग करता येतात. ती चमचाभर करून बाहेर यायची, टाळ्या घ्यायची, पुन्हा आत जायची. माझे तळहात लाल झाले. झोया ओवीच्या मागोमाग जाऊन बसायची, काहीही न करता उठायची आणि स्वतःच स्वतःला टाळ्या वाजवायची. पुढे दोघींना टाळ्यांची इतकी गोडी लागली की घरातलं कुणीही मोठं माणूस बाथरूममध्ये गेलं की दोघी दाराबाहेर बसून राहायच्या. हे बाहेर आले की कडाडून टाळ्या.

“शाब्बास काका! केली?”

दोन दिवस ह्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवसापासून पेपर वाचायला म्हणून शेजारी जायला लागले.

आणि रेयांश? रेयांश टाळ्या फार छान वाजवायचा. अगदी तालात. पण स्वतः जायचं नाव नाही. डायपर असला की पडद्यामागे जाऊन उभा राहायचा, कुठेतरी लांब क्षितिजाकडे बघायचा, आणि काम उरकून परत यायचा. डायपर काढला की नुसताच क्षितिजाकडे बघत बसायचा. बसायचा म्हणजे किती? संध्याकाळी आई येऊन डायपर चढवीपर्यंत! त्या पोराकडे बघून माझ्याच पोटात कळा यायच्या. दोन दिवस हे पाहिलं आणि मीच घाबरून त्याला परत डायपर घातला.

“त्याच्या आवडीचं काहीतरी पाहिजे,” हे म्हणाले. “त्याला गाड्या आवडतात ना? बघतो मी.”

आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांनी न विचारता एक काम केलं. मोबाइलवरून गाडीच्या आकाराची पॉटी मागवली. लालभडक. पुढे स्टिअरिंग, पिवळा हॉर्न, खाली चार चाकं, बसायला सीट. सीट उचलली की खाली भांडं. ती घरी आली तेव्हा मी भाजीला गेले होते, हे बँकेत गेले होते, आणि घरात सासूबाई होत्या.

माझ्या सासूबाई येवल्याकडच्या. त्यांचा एक नियम आहे. घरात नवी आलेली कुठलीही वस्तू हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. मिक्सर झाला, मोबाइल झाला, लेकीचा लॅपटॉप झाला. ह्यांची कवळी आली तेव्हा तिलासुद्धा लावलं होतं, आणि आता ही धुवायची की तशीच तोंडात घालायची यावरून घरात दिवसभर वाद चालला होता. त्यात वाहन म्हणजे तर सगळ्यांत वरचा मान. त्यांनी खोकं उघडलं. आत काय? नवी कोरी गाडी.

मी भाजीची पिशवी घेऊन दारात आले तर घरात उदबत्तीचा वास. हॉलच्या मधोमध पाट, पाटावर पॉटी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, स्टिअरिंगला हार. समोर तिन्ही मुलं रांगेत हात जोडून बसलेली. झोयाच्या दोन्ही गालांत पेढे.

“काकू, नवी गाडी!” ओवी म्हणाली.

“मंगल, चपला बाहेर काढ,” सासूबाई म्हणाल्या. “पोरांच्या गाडीची पूजा चाललीय.”

“आई, ही गाडी नाही.”

“मग काय विमान हाय?”

“आई, ही... ह्याच्यात बसून मुलांनी शी-शू करायची असते.”

सासूबाईंच्या हातात निरांजन होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, मग देवघराकडे पाहिलं.

“गाडीत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बनवनाऱ्याला लाज नाय वाटली?”

त्यांनी निरांजन खाली ठेवलं. “हे बघ मंगल. नारळ फोडलाय, हार घातलाय. पूजा केल्याल्या वस्तूत मी असलं काय बी होऊ देनार नाय. सांगून ठेवते.”

संध्याकाळी ह्यांनी ती परत करायचं ठरवलं. न्यायला माणूस आला. त्याने खोकं उघडलं आणि बघतच राहिला. सीटवर अक्षता, भांड्यात हळद, बॉनेटवर स्वस्तिक. (आम्ही घासून पाहिलं होतं, पण प्लास्टिकवरची हळद कधी निघाली आहे का?) त्याने गाडीला नकळत हात जोडले.

“काकू, पूजा झालेला माल परत नाही घेता येत,” तो म्हणाला आणि निघून गेला.

मी म्हटलं, ठीक आहे, आता गनिमी कावा. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या, तसं मी रेयांशला हळूच हॉलमध्ये आणलं, त्याचा डायपर काढला आणि सीट उचलून त्याला गाडीत बसवलं. त्याचा चेहरा असा खुलला! दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मला वाटलं, जिंकलो.

“आता शू कर हं राजा.”

चोरी कर म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. “काकू, गाडीत शू करायची नाही.”

“ह्या गाडीत करायची असते.”

“नाही. बाबा ओरडतात.”

वैशालीकडून नंतर कळलं. दिवाळीला सटाण्याला जाताना डायपर गळून त्याने नव्या गाडीची सीट भिजवली होती आणि बाबा ओरडला होता, गाडीत शू करायची नाही. एकदाच ओरडला होता. पण रेयांशला एकदा पुरतं.

“बघ,” आतल्या खोलीतून आवाज आला. सासूबाई जाग्याच होत्या. “तीन वर्सांच्या पोराला कळतं.”

तेव्हा त्या पॉटीला सासूबाईंनी वरून आणि रेयांशने खालून बंदी घातली. उरली काय, तर नुसती गाडी. मग रेयांश ती दिवसभर चालवायला लागला. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, परत हॉल. मागे उशा मांडून ओवी आणि झोया प्रवासी. हळूहळू सासूबाईंनाही राहवेना. त्यांचं अर्धं आयुष्य नाशिक-येवला एसटीत गेलं आहे. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या कंडक्टर झाल्या.

“येवला, येवला! चला, पटापटा बसा. मधी उभं राहू नका. सुट्टे काढा.”

तिकिटं म्हणून त्या पेपरचे तुकडे फाडून द्यायच्या. ह्यांनी वाचायच्या आधी. घरात एसटी, शेजारी पेपर, बाथरूमबाहेर टाळ्या, असा सगळा आनंद होता. फक्त मे महिना अर्धा संपला होता. वैशाली संध्याकाळी यायची, काही विचारायची नाही, नुसतं माझ्या तोंडाकडे बघायची. मी नजर चुकवून तिच्या हातात पिशवी द्यायचे. रात्री मला स्वप्नात पाळणाघराची पाटी दिसायची.

असंच एकदा दुपारी मी रेयांशला डायपर काढून नुसत्या चड्डीत ठेवलं होतं आणि गाडी स्वयंपाकघरातून गॅलरीकडे निघाली होती. अचानक ड्रायव्हर म्हणाला, “गाडी थांबवा.”

“अजून स्टँड आलं नाय,” कंडक्टर म्हणाल्या.

“गाडी थांबवा. शू आली.”

आणि गाडी थांबवून तो खाली उतरला, चड्डी काढली, बाजूला नीट ठेवली, गॅलरीतल्या माझ्या गवती चहाच्या कुंडीपुढे उभा राहिला आणि सुरू. मी ओरडायला तोंड उघडलं. तो चहा मी पोटच्या पोरीसारखा वाढवला होता! पण तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्याने सांगितलं. पहिल्यांदा. आपणहून. सटाण्याच्या रस्त्यावर गाडी थांबवतात, मुलाला उतरवून झाडापाशी उभं करतात, तसंच ह्याने केलं. पोराने नियम पाळला होता, फक्त आम्हीच गाढव होतो.

मी टाळ्या वाजवायला लागले. सासूबाईंनी वाजवल्या, ओवी-झोयाने वाजवल्या, नेमके तेव्हाच हे शेजारून आले, त्यांनी काय झालं ते न विचारताच वाजवल्या. रेयांशने चड्डी घातली, परत गाडीत बसला आणि हॉर्न दाबला. “चला.”

मग काय! कुंडी उचलून बाथरूमच्या दारात ठेवली. एसटीला तिथे थांबा मिळाला. “गाडी धा मिनिटं थांबंल. ज्याला जायाचं त्यानं जाऊन या,” अशी सासूबाईंची ललकारी झाली की ड्रायव्हरसकट सगळे उतरायचे. मग कुंडी रोज थोडी थोडी आत सरकवली, दारातून मोरीपर्यंत, मोरीतून कमोडपर्यंत, आणि शेवटी काढूनच टाकली. रेयांशच्या लक्षातही आलं नाही. डायपरचा गठ्ठा मी माळ्यावर टाकला. आमचा चहा तेवढा त्या दिवसापासून आल्याचा झाला.

एकच अडचण राहिली. आधी गाडीत बसल्याशिवाय तो शूला जात नसे. गाडी नाही तर थांबवायचं काय? त्यामुळे रोज संध्याकाळी वैशाली स्कूटरवर पुढे लाल गाडी आणि मागे पोरगा अशी घरी जायची आणि सकाळी तशीच यायची. वाळका हार स्टिअरिंगला तसाच. कॉलनीतली माणसं वळून बघायची. नर्सरीत गाडी कशी न्यायची ह्याचा मी विचार करत होते, तेवढ्यात सटाण्याहून त्याचे आजोबाच आले.

नातवाला न्यायलाच आले होते. पण वैशालीने आर्जव केलं, “आधी काकूंकडे येऊन तर बघा, आता तो सांगतो.” अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती त्यांना घेऊन माझ्याकडे आली. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, पांढरा सदरा, पांढरंस्वच्छ धोतर. सोफ्यावर बसले आणि नातवाला त्यांनी मांडीवर घेतलं. त्या धोतरावर! आणि तेव्हाच मी वैशालीकडे पाहिलं.

“गाडी?” मी खुणेने विचारलं.

तिने कपाळाला हात लावला. धांदलीत लाल गाडी घरीच राहिली होती.

“ताई, डायपर नाही घातला आज?” आजोबांनी विचारलं.

“कधीच सोडला त्याने.”

“बघू,” ते म्हणाले आणि बसून राहिले.

मी चहा केला. सगळ्यांबरोबर मी घेतला. सासूबाईंनी कांद्याच्या भावाचा विषय काढला, तो काही लवकर संपेना, म्हणून पुन्हा चहा केला. तोही घेतला. मग घशाला कोरड पडली म्हणून तांब्याभर पाणी प्यायले. नजर मात्र धोतरावरून हलवली नाही. रेयांश आधी गप्पा मारत होता. मग गप्प झाला. मग त्याने पायावर पाय टाकला. आणि मग तो क्षितिजाकडे बघायला लागला.

“रेयांश, जायचं का रे?” मी गोड आवाजात विचारलं.

“नाही.”

“जाऊन येऊ ना पटकन?”

“नाही. गाडी नाही.”

“काय म्हनतो?” आजोबा म्हणाले.

वैशालीचा चेहरा उतरला होता. ती मुकाट्याने त्याच्या कपड्यांच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. मला तिच्याकडे बघवेना. आता काही क्षणांत ते पांढरं धोतर, आणि मग हे पोरगं सटाण्याला, आणि ही एकटी इथे. आणि एकदम मला सुचलं.

“आजोबा, तुम्ही कशाने आलात?”

“गाडीनं. बाहेर उभी हाय.”

“चला, चक्कर मारू.”

“आता? ऊन बघा ताई बाहेर.”

“ऊन चांगलं असतं! चला, उठा, सगळे उठा!” मी त्यांच्या मांडीवरून पोर उचललं आणि चपलाही नीट न घालता पळत सुटले. आजोबा कोड्यात पडून मागे आले. ओवी-झोयाला ह्यांच्या ताब्यात दिलं. पुढे आजोबा आणि वैशालीच्या मांडीवर रेयांश, मागे मी. आणि सासूबाई? त्या आमच्या आधीच आत बसलेल्या होत्या.

गल्लीतून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. रेयांशने पुढचा रस्ता पाहिला, एक लांब श्वास सोडला आणि म्हणाला, “गाडी थांबवा.”

“का रे? आत्ता तर निघालो.”

“गाडी थांबवा. शू आली.”

आजोबा हसायला लागले. त्यांना तो खेळ वाटला. मागून टेम्पो हॉर्न वाजवत होता. मी म्हणतेय थांबवा, वैशाली म्हणतेय थांबवा, आणि आजोबा आपले चालवताहेत. शेवटी सासूबाईंनी हात बाहेर काढून दारावर थाडथाड थापा मारल्या आणि एसटीतल्या आवाजात ओरडल्या, “ओ डायवर! गाडी घ्या बाजूला! पोराला जायाचंय!”

गाडी करकचून थांबली. रेयांश उतरला. कडेच्या कडुलिंबापाशी गेला. चड्डी काढून आईच्या हातात दिली. आणि झालं. सगळं झालं, जिथे व्हायला हवं तिथे, आणि गाडीची सीट, चड्डी, धोतर, सगळं कोरडं. मी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या. वैशाली हसत होती आणि रडत होती आणि तिच्या हातात चड्डी होती म्हणून तिला डोळेही पुसता येत नव्हते.

आजोबा हात मागे बांधून बघत उभे होते. मग स्वतःशीच त्यांच्या बोलीत म्हणाले, “हाऊ तं सांगस!” आणि आमच्याकडे वळून, “ह्याचा बाप पाच वर्सांचा होईपर्यंत माझी जीप भिजवायचा. कधी तोंडातून शब्द काढला नाय. हा तर सांगतो.”

“मग, मामा?” वैशालीने सासऱ्यांना विचारलं. आवाज एवढासा.

“मग काय? शाळेत घाल त्याला. आम्ही दिवाळीला नेऊ चार दिवस.”

देवाशपथ सांगते, इतकं हलकं मला मुलीच्या लग्नानंतरही वाटलं नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरला. पाटी वाचली, पोर वाचलं, वैशाली वाचली. मी सीटवर मागे रेलले, अंग सैल सोडलं, आणि त्याच क्षणी मला दोन वेळचा चहा आणि तांब्याभर पाणी आठवलं.

“आता पेढे घेऊ,” आजोबा खुशीत म्हणाले. “पार गावात जाऊ. चांगल्या दुकानातून घेऊ.”

गावात म्हणजे जुन्या नाशकात, किती लांब! त्यात पुढे सिग्नल, सिग्नलला रांग, रांगेत खड्डे. मी परक्या, वयाने मोठ्या माणसाला कसं सांगणार? साठीला आलेली बाई मी. लोकांच्या मुलांना हेच शिकवायचं काम करते. मी पायावर पाय टाकला. आजोबा सटाण्याच्या डाळिंबांबद्दल काही सांगत होते, मी हं हं म्हणत होते. एक खड्डा आला. मी खिडकीबाहेर, लांब कुठेतरी बघायला लागले.

पुढच्या सीटवरून रेयांश आईच्या खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे एकटक बघत होता. ते क्षितिज त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं.

“आजोबा,” तो म्हणाला, “गाडी थांबवा.”

“आं? परत आली तुला?”

“मला नाही. काकूला आली.”

आजोबा सज्जन माणूस, एक शब्द न बोलता त्यांनी गाडी समोरच्या पेट्रोल पंपात घातली. मी उतरले आणि पदर सांभाळत जी धावले, तशी शाळेतल्या शर्यतीतही धावले नव्हते.

परत आले तर गाडीच्या सगळ्या काचा खाली. रेयांशने तालात सुरुवात केली, वैशालीने साथ दिली, सासूबाईंनी दिली, आणि शेवटी आजोबांनीही स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या. पंपावरचा माणूस हातातली नळी थांबवून बघत राहिला.

“शाब्बास काकू,” रेयांश म्हणाला. मग जरा गंभीर होऊन, “पण सांगायचं असतं ना.”

जूनमध्ये तो नर्सरीत जायला लागला. वर्गात आली की हात वर करून ‘मॅडम, गाडी थांबवा’ म्हणतो, आणि मॅडम थांबवतात. नर्सरी सुटली की माझ्याकडेच येतो. वैशाली नोकरी करते आहे, पाटी जागेवर आहे. आणि पाळणाघर कसं चाललंय असं कुणी विचारलं की सासूबाई मी समोर असतानाच सांगतात, “झ्याक चाललंय. तिन्ही पोरं सांगायला लागली. आता निस्ती मंगल राहिली.”